कायमच्या घराचा शोध : आग्नेय आशियातील निर्वासितांचा प्रश्न

मराठीत आपण ज्याला निर्वासित म्हणतो त्यालाच हिंदीत शरणार्थी म्हणतात. १९४७ नंतर हे दोन्ही शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आले आणि एकाच अर्थाने वापरले जाऊ लागले. परंतु थोडे थांबून पाहिले, तर त्यांची तोंडे दोन दिशांना आहेत असे दिसेल. निर्वासित म्हणजे ज्याचा वास सुटला तो. हा शब्द मागे राहिलेल्या घराकडे पाहतो. शरणार्थी म्हणजे जो आसरा मागतो तो. हा शब्द पुढच्या, बहुधा बंद असलेल्या दाराकडे पाहतो. ही दोन्ही नावे गळून पडून तो मनुष्य पुन्हा नुसता शेतकरी, शिंपी किंवा शिक्षक केव्हा होतो, या अवस्थेला मात्र आपल्याजवळ वेगळा शब्द नाही. आंतरराष्ट्रीय व्यवहारात त्या अवस्थेस पोहोचविणाऱ्या उपायास चिरस्थायी तोडगा असे म्हणतात. १९७५ पासून पुढे सुमारे एकवीस वर्षे आग्नेय आशियातील निर्वासितांसाठी असा तोडगा काढण्याचा जो मोठा खटाटोप जगातील राष्ट्रांनी केला, त्याची हकीकत आज मला सांगावयाची आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांच्या कचेरीने असे तीन मार्ग मानले आहेत. पहिला, स्वेच्छेने स्वदेशी परत जाणे. दुसरा, जेथे प्रथम आश्रय मिळाला तेथेच रुजणे. तिसरा, एखाद्या तिसऱ्याच देशात नव्याने वसणे. कागदावर हे तीन मार्ग शेजारी शेजारी मांडता येतात. प्रत्यक्षात मात्र त्यांपैकी कोणता मोकळा राहील हे निर्वासिताच्या हाती नसते. ते राष्ट्रे ठरवितात, आणि आपापसांत सौदा करून ठरवितात. आग्नेय आशियाचा इतिहास हा अशा दोन मोठ्या सौद्यांचा इतिहास आहे.

या इतिहासाचे मूळ १९७५ च्याही मागे जाते. जुलै १९५४ मध्ये जिनिव्हा येथे झालेल्या करारांनी फ्रेंचांचे युद्ध थांबले आणि व्हिएतनामचे उत्तर व दक्षिण असे दोन विभाग पडले. कोणत्याही विभागातील नागरिकास तीनशे दिवसांच्या मुदतीत दुसऱ्या विभागात जाण्याची मुभा त्या करारात होती. त्या मुदतीत सुमारे आठ ते दहा लाख माणसे उत्तरेकडून दक्षिणेस गेली. दक्षिणेतून उत्तरेस गेलेल्यांची संख्या त्या मानाने थोडी होती. या करारांच्या पालनावर देखरेख ठेवण्यासाठी जे आंतरराष्ट्रीय आयोग नेमले गेले, त्यांत भारत, कॅनडा आणि पोलंड हे तीन देश असून अध्यक्षपद भारताकडे होते. तेव्हा इंडोचायनातील या पहिल्या स्थलांतराचे आपण भारतीय केवळ दूरचे प्रेक्षक नव्हतो. आपले अधिकारी तेथे बसून, जाणाऱ्यांची वाट अडविली जात असल्याच्या तक्रारी ऐकत होते.

वीस वर्षांनी ती विभागणी पुसली गेली. १७ एप्रिल १९७५ रोजी कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह ख्मेर रूजच्या हाती पडली. ३० एप्रिलला सायगाव पडले. आणि डिसेंबरमध्ये लाओसमधील राजेशाहीही संपली. सायगावच्या पाडावाबरोबर अमेरिकेने सुमारे एक लाख तीस हजार व्हिएतनामी लोकांना आपल्याकडे नेले. त्या वेळी जगाला वाटले की प्रश्न तेवढ्यावरच आटोपला. प्रत्यक्षात तो तेथून सुरू झाला. कंबोडियात ख्मेर रूजच्या पावणेचार वर्षांच्या राजवटीत पंधरा ते वीस लाख माणसे उपासमारीने, रोगाने, कष्टाने किंवा वधाने मेली. लाओसमधून मेकाँग नदी ओलांडून थायलंडात जाणाऱ्यांची रीघ लागली; काही वर्षांत त्या छोट्या देशाच्या लोकसंख्येचा सुमारे दहावा हिस्सा बाहेर पडला. व्हिएतनाममध्ये जुन्या राजवटीच्या लोकांना पुनर्शिक्षणाच्या शिबिरांत डांबण्यात आले, १९७८ मध्ये दक्षिणेतील खाजगी व्यापार सरकारने ताब्यात घेतला, आणि त्याचा सर्वांत मोठा घाव तेथील चिनी वंशाच्या व्यापारी समाजावर बसला. त्यांपैकी अडीच लाखांहून अधिक लोक उत्तरेची सीमा ओलांडून चीनमध्ये गेले. उरलेल्यांनी समुद्राची वाट धरली.

मच्छीमारी होड्या, नदीत चालणारे मचवे, मोडकळीस आलेली मालवाहू जहाजे, जे मिळेल त्यात माणसे बसत. नोव्हेंबर १९७८ मध्ये हाय होंग नावाचे जहाज सुमारे अडीच हजार माणसे घेऊन मलेशियाच्या क्लँग बंदराजवळ येऊन उभे राहिले आणि मलेशियाने त्यांना उतरू देण्याचे नाकारले. पुलाऊ बिडाँग या मलेशियाच्या किनाऱ्याजवळील निर्जन बेटावर १९७८ च्या ऑगस्टमध्ये छावणी उघडली होती. जेमतेम एक चौरस किलोमीटरच्या त्या बेटावर १९७९ च्या जूनपर्यंत सुमारे चाळीस हजार माणसे दाटली. त्या एका जून महिन्यात आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांस लागलेल्या नौकावासीयांची संख्या चोपन्न हजारांवर गेली. वाटेत बुडालेल्यांची मोजणी कोणीच केली नाही. ती करणे शक्यही नव्हते.

शेजारी देश त्यांना का घेत नव्हते, हेही समजून घेतले पाहिजे. इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपाइन्स, सिंगापूर आणि थायलंड या पाचही देशांनी त्या वेळी १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नव्हती. (त्या करारावर भारताचीही सही नाही.) हे देश स्वतःच दारिद्र्याशी झगडत होते. मलेशियात मलायी आणि चिनी समाजांतील समतोल नाजूक होता. १९६९ च्या दंग्यांची आठवण ताजी होती, आणि येणाऱ्यांत चिनी वंशाचे लोक पुष्कळ होते. आणखी एक भीती सर्वांना होती, ती ही की युद्ध लढणारे बडे देश निघून जातील आणि त्या युद्धाची माणसे कायमची आपल्या गळ्यात राहतील. ही भीती निराधार म्हणता येणार नाही. १९७५ पासून १९७९ च्या मध्यापर्यंत या भागात आश्रयास आलेल्या साडेपाच लाखांहून अधिक लोकांपैकी केवळ दोन लाखांची सोय पुढे इतर देशांत लागली होती; साडेतीन लाख जेथल्या तेथे पडून होते.

म्हणून जून १९७९ च्या अखेरीस या पाच देशांनी एकत्रितपणे जाहीर केले की आमच्या सहनशक्तीची सीमा झाली, यापुढे नव्याने येणाऱ्यांस आम्ही घेणार नाही. याचा अर्थ काय होतो, हे त्याच महिन्यात थायलंडच्या सीमेवर दिसले. बेचाळीस हजारांहून अधिक कंबोडियन लोकांना सीमेवरच्या छावण्यांतून बशींत भरून प्रेआह विहेअर येथे नेण्यात आले आणि तेथल्या उभ्या कड्यावरून खाली, सुरुंग पेरलेल्या रानात परत हाकलण्यात आले. कित्येक शेकडे, कदाचित हजारो, त्यात मेले.

या पार्श्वभूमीवर राष्ट्रसंघाचे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांनी २० व २१ जुलै १९७९ रोजी जिनिव्हा येथे परिषद बोलाविली. १९५४ च्या करारास त्याच दिवसांत, त्याच शहरात, बरोबर पंचवीस वर्षे होत होती. पासष्ट सरकारांचे प्रतिनिधी जमले. त्यांनी केलेला सौदा असा : पाश्चात्त्य देशांनी पुनर्वसनाच्या जागा एक लाख पंचवीस हजारांवरून दोन लाख साठ हजारांवर न्यावयाच्या, त्याच्या मोबदल्यात शेजारी देशांनी येणाऱ्या नावा परत लोटावयाच्या नाहीत, आणि व्हिएतनामने बेकायदा निर्गमनास आळा घालावयाचा. खर्चासाठी सुमारे सोळा कोटी डॉलरांची नवी आश्वासने मिळाली. इंडोनेशियाने आणि फिलिपाइन्सने निर्वासितांना पुढे पाठविण्यापूर्वी ठेवण्यासाठी जागा देऊ केल्या, आणि पुढे गालांग बेटावर व बताआन येथे तशा छावण्या उभ्या राहिल्या. तेथे माणसे काही महिने राहत, परकी भाषा शिकत, थंड देशातील संसाराची माहिती करून घेत आणि विमानात चढत.

हा सौदा पाळला गेला, हे नमूद केले पाहिजे, कारण आंतरराष्ट्रीय परिषदांच्या आश्वासनांविषयी असे फारसे लिहिता येत नाही. जुलै १९७९ ते जुलै १९८२ या तीन वर्षांत वीसहून अधिक देशांनी सहा लाख तेवीस हजारांवर इंडोचिनी निर्वासितांना आपल्याकडे वसविले. त्यांत अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स हे अग्रभागी होते. कॅनडात तर चर्चच्या मंडळींनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गटांनी वर्गणी काढून एकेका कुटुंबाची वर्षभराची जबाबदारी उचलली. १९८६ साली निर्वासितांच्या सेवेसाठीचे नान्सेन पदक सबंध कॅनेडियन जनतेस देण्यात आले, त्याचे कारण हे होते.

याच सुमारास आणखी एक वाट निघाली. ३० मे १९७९ रोजी उच्चायुक्तांची कचेरी आणि व्हिएतनाम सरकार यांच्यात करार होऊन, ज्यांना देश सोडावयाचा आहे त्यांनी रीतसर अर्ज करून, परवान्याने, विमानाने जावे अशी व्यवस्था ठरली. ज्या राज्यातून माणसे पळत आहेत त्या राज्याच्या आतच बसून त्यांच्या जाण्याची सोय करणे हे उच्चायुक्तांच्या कचेरीस नवेच होते. प्रारंभी हे काम फार मंद चालले. पण १९८४ मध्ये असे रीतसर जाणाऱ्यांची संख्या नावांतून येणाऱ्यांच्या वर गेली, आणि अखेरपर्यंत सहा लाखांहून अधिक माणसे या वाटेने सुखरूप बाहेर पडली. हिचे नाव फारसे कोणाच्या तोंडी नाही. जे संकट घडलेच नाही त्याची बातमी होत नसते.

तथापि या सौद्याची दुसरी बाजूही होती. माणसाला स्वतःचा देश सोडण्याचा हक्क आहे असे मानवी हक्कांचा जाहीरनामा सांगतो. येथे तर निर्वासितांच्या हितासाठी भरलेली परिषदच व्हिएतनामला सांगत होती की तुमच्या लोकांस निघू देऊ नका. थायलंडच्या सीमेवर अडकलेल्या लाखो कंबोडियनांना तर निर्वासित हे नावही मिळाले नाही. त्यांच्या छावण्यांवर ख्मेर रूज आणि अन्य सशस्त्र गटांचा ताबा होता, आणि शीतयुद्धाच्या डावात त्यांचा उपयोग माणसे व रसद पुरविण्यासाठी केला गेला. समुद्रावर चाच्यांचा सुळसुळाट झाला. १९८१ या एका वर्षी थायलंडास पोहोचलेल्या ४५२ नावांपैकी ३४९ नावांवर हल्ले झाले होते, तेही एकेकीवर सरासरी तीनदा. उच्चायुक्तांच्या कचेरीस त्याच वर्षी शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात यजमान देश पुन्हा थकले. दुसऱ्या देशांतील जागा कमी होत गेल्या आणि १९८७-८८ मध्ये नावा पुन्हा वाढल्या. येणारे सगळेच छळास भिऊन पळालेले नाहीत, पुष्कळसे गरिबीला कंटाळून आलेले आहेत, अशी भावना बळावली. आणि तीत तथ्यही होते. १३ व १४ जून १९८९ रोजी जिनिव्हातच दुसरी परिषद भरली, सत्तर सरकारांनी सर्वंकष कृतियोजना मान्य केली, आणि दुसरा सौदा झाला. यापूर्वी किनाऱ्यास लागलेला प्रत्येक मनुष्य निर्वासित गणला जाई. आता प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी व्हावयाची होती. जो खरा निर्वासित ठरेल त्यास परदेशी जागा मिळेल. जो ठरणार नाही त्याने व्हिएतनामला परत जावे. बहुतेक देशांत यासाठी १४ मार्च १९८९ ही तारीख धरली गेली. हाँगकाँगमध्ये तर १६ जून १९८८ हीच.

येथे मला थोडे स्वतःविषयी बोलू द्यावे. सरकारी नोकरीत काही वर्षे मी धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे काम केले. धरणग्रस्ताला देश सोडावा लागत नाही, म्हणून त्याची व निर्वासिताची बरोबरी मी करणार नाही. परंतु यादी आणि तारीख या दोन गोष्टींचे सामर्थ्य मी त्या कामात पाहिले. ठरल्या दिवशी ज्याचे नाव यादीत असेल तो लाभधारक. जो त्या सुमारास मजुरीसाठी परगावी गेला असेल तो, त्याच मातीत जन्मला असला तरी, कागदाबाहेर राहतो. एक वृद्ध गृहस्थ वर्षभर दर सोमवारी माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहत. त्यांचा अर्ज मला मंजूर करता आला नाही. नियम माझ्या बाजूस होता, आणि नियम चुकीचा होता असेही मी म्हणू शकत नाही, कारण तारीख नसती तर यादीला अंतच नव्हता. तरीही १४ मार्च १९८९ ही तारीख मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा १५ मार्चला किनाऱ्यास लागलेल्या एखाद्या नावेचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. दोन नावा एकाच खाडीतून, एकाच रात्री निघाल्या असतील; एकीला वारा लाभला, दुसरीला लाभला नाही, एवढाच काय तो फरक.

या चौकशीत निर्वासित ठरलेल्यांचे प्रमाण तिनांत एकाहूनही कमी होते. उरलेल्यांनी परत जाण्यास वर्षानुवर्षे नकार दिला. हाँगकाँगच्या बंदिस्त छावण्यांत काटेरी तारांच्या आत मुले जन्मली आणि वाढली. १२ डिसेंबर १९८९ च्या पहाटे हाँगकाँग सरकारने ५१ जणांना बळाने विमानात घालून हनोईस पाठविले, तेव्हा जगभर निषेध झाला. तथापि हळूहळू परतणाऱ्यांची संख्या वाढली. परतणाऱ्यास दोनशे चाळीस ते तीनशे साठ डॉलरपर्यंत रोख मदत मिळे. उच्चायुक्तांचे अधिकारी त्यांच्या गावी जाऊन त्यांस भेटत, आणि पळून गेल्याबद्दल सूड उगविला जात असल्याचे सर्वसाधारण चित्र त्यांना दिसले नाही. ३० जून १९९६ रोजी योजना संपली तोवर एक लाख नऊ हजारांवर व्हिएतनामी स्वदेशी परतले होते आणि चौऱ्याहत्तर हजारांवर परदेशी वसले होते.

हे शक्य झाले ते केवळ योजनेच्या शहाणपणाने नव्हे. १९८६ पासून व्हिएतनामने आपले आर्थिक धोरण बदलले होते. कंबोडियातून त्याचे सैन्य १९८९ मध्ये परतले. फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेने व्यापारबंदी उठविली, आणि जुलै १९९५ मध्ये व्हिएतनाम आसियान संघटनेचा सभासद झाला. ज्या देशातून माणसे पळत होती आणि जे देश त्यांस घेत नव्हते, ते आता एकाच मेजाशी बसले. कंबोडियाविषयीही तेच. ऑक्टोबर १९९१ मध्ये पॅरिस येथे शांतता करार झाल्यावरच, १९९२ च्या मार्चपासून वर्षभरात, तीन लाख साठ हजारांहून अधिक लोक थायलंडच्या सीमेवरून परत नेता आले. त्यांना प्रथम शेतजमीन देण्याचे वचन दिले होते. पण सुरुंगांवाचून मोकळी जमीन पुरेशी सापडेना, तेव्हा बहुतेकांनी माणशी पन्नास डॉलर आणि मुलास पंचवीस डॉलर घेऊन आपला रस्ता धरला. पंधरा-पंधरा वर्षांच्या छावणीवासाची अखेर काहींच्या बाबतीत एवढ्यावर झाली. उच्चायुक्त सादाको ओगाता यांच्या कारकिर्दीतील ही मोहीम तरीही मोठी म्हटली पाहिजे, कारण मे १९९३ च्या निवडणुकीपूर्वी ती पार पडली आणि परतलेल्यांना मत देता आले.

एकंदर हिशेब पाहू गेल्यास, दोन दशकांत तीस लाखांहून अधिक माणसे या तीन देशांतून बाहेर पडली. सुमारे पंचवीस लाखांना दुसरीकडे घर मिळाले आणि सुमारे पाच लाख परतली. दुसरा मार्ग, म्हणजे प्रथम आश्रय दिलेल्या देशातच रुजण्याचा, जवळजवळ बंदच राहिला. चीनने तेवढे दक्षिणेकडील आपल्या सरकारी शेतमळ्यांवर अडीच लाखांहून अधिकांना वसवून घेतले. त्याची वाहवा कोठे विशेष झाली नाही.

या हकीकतीचे तात्पर्य मला असे दिसते. किनाऱ्यावरच्या गरीब देशाला केवळ माणुसकीचा उपदेश करून दार उघडत नाही. आत आलेला मनुष्य कायमचा आपल्याच अंगणात राहणार नाही, त्याचा भार इतरही वाहतील, असा भरवसा मिळाला तर ते उघडते. १९७९ मध्ये हा भरवसा दिला गेला आणि पाळला गेला, म्हणून नावा किनाऱ्यास लागू शकल्या. पुढे मे २०१५ मध्ये अंदमानच्या समुद्रात म्यानमारचे रोहिंग्या आणि बांगलादेशचे नागरिक भरलेल्या नावा एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याकडे लोटल्या गेल्या, आणि ऑगस्ट २०१७ पासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले. परतीचा करार दोन्ही सरकारांनी त्याच वर्षी केला. पण ज्या राज्याने त्यांचे नागरिकत्वच मानले नाही तेथे परत जाण्यास कोण धजणार? १९७९ सारखी जागांची हमीही या खेपेस कोणी दिली नाही. तिन्ही मार्ग बंद झाले म्हणजे छावणी हाच चौथा मार्ग होऊन बसतो. आणि छावणीत मनुष्य ना मागच्या घराचा राहतो, ना पुढच्या दाराचा.

जिनिव्हातील दोन्ही सौदे निर्दोष नव्हते. मेजाभोवती सर्व राष्ट्रे होती. ज्यांच्याविषयी बोलणे चालले होते ते मात्र तेथे नव्हते. तरीही त्या सौद्यांमुळे लाखो माणसांच्या नावामागचे निर्वासित हे विशेषण गळून पडले. आज त्यांची नातवंडे कॅलिफोर्नियात, पॅरिसमध्ये, सिडनीत आणि व्हिएतनामच्या किनाऱ्यावरील खेड्यांतही आपापल्या उद्योगात आहेत. आजी-आजोबा कोणत्या नावेतून आले आणि ती कोणत्या तारखेस किनाऱ्यास लागली, हे त्यांतील पुष्कळांस ठाऊकही नसेल. ज्या दिवशी ती तारीख विसरली तरी चालते, त्या दिवशी तोडगा चिरस्थायी झाला असे समजण्यास हरकत नाही.